षटकाराआधी सरळ बॅट

1 डिसेंबर 1961 रोजी कानपूरच्या ग्रीन पार्कवर इंग्लंडविरुद्धचा कसोटी सामना सुरू झाला. भारताच्या संघात 21 वर्षांचा एक नवा फलंदाज होता, जन्म मडगावचा. त्याचं मडगाव त्या दिवशी पोर्तुगालच्या ताब्यात होतं. गोवा मुक्त व्हायला अजून अठरा दिवस होते. दिलीप सरदेसाई त्या डावात 28 धावांवर स्वयंचीत झाले. पण पुढे ते 30 कसोटी सामने खेळले, 2001 धावा केल्या, आणि 1971 साली वेस्ट इंडीजमध्ये एकाच मालिकेत 642 धावा कुटून त्यांनी भारतीय क्रिकेटला ताठ मानेनं उभं केलं. गोव्यात जन्मलेले ते पहिले आणि आजवरचे एकमेव कसोटीपटू.

या कहाणीतला खरा महत्त्वाचा आकडा मात्र 17 हा आहे. सरदेसाई सतराव्या वर्षी, 1957 साली, मुंबईला गेले. तोवर ते मडगावात खेळत होते, पण तिथे ना टर्फ विकेट होती, ना शिकवणारं कुणी, ना दर आठवड्याला होणारे सामने. मुंबईत विल्सन कॉलेजला असताना मन्या नाईक या प्रशिक्षकांची नजर त्यांच्यावर पडली. 1959-60 च्या रोहिंटन बारिया या आंतरविद्यापीठ स्पर्धेत त्यांनी 435 धावा केल्या. पुढच्याच हंगामात पुण्यात पाकिस्तानच्या संघाविरुद्ध भारतीय विद्यापीठांकडून पहिला प्रथम श्रेणी सामना खेळताना 87 धावा काढल्या. मुंबईत पाऊल ठेवल्यापासून कसोटीपर्यंत चार वर्षं लागली.

हे सगळं उपजत गुणांच्या खात्यावर टाकून मोकळं होणं सोपं आहे. पण गुण तर मडगावातही त्यांच्याकडे होतेच. मुंबईनं त्यात भर घातली ती रोज हातापायांकडे बघणाऱ्या माणसाची, चेंडू नीट उसळणाऱ्या खेळपट्टीची आणि चूक लगेच उघडी पाडणाऱ्या सामन्यांची. आज गोव्यातल्या आतल्या तालुक्यांत क्रिकेट शिकू पाहणाऱ्या मुलांना नेमक्या याच गोष्टी मिळत नाहीत. त्या त्यांच्या गावाजवळ मिळायला हव्यात, आणि त्या देणं अवघडही नाही.

डिचोली तालुक्यातलं नार्वे घ्या. मांडवीच्या काठावरचं, समोर दिवाडी बेट असलेलं हे गाव महाराष्ट्रातल्या वाचकांना ठाऊक असतं ते सप्तकोटेश्वरामुळे. 1668 साली शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. इथून पणजीकडे निघायचं तर एक वाट फेरीबोटीनं दिवाडीवर, तिथून दुसऱ्या फेरीबोटीनं जुन्या गोव्याला आणि पुढे बसनं अशी आहे. दुसरी डिचोलीवरून वळसा घेत. गोवा क्रिकेट असोसिएशनचं मुख्य मैदान पर्वरीला. शाळा सुटल्यावर पॅड-बॅटची पिशवी खांद्यावर टाकून सातवीतला मुलगा किंवा मुलगी तिथे रोज सरावाला जाईल, ही अपेक्षा ठेवणंच चुकीचं आहे. जे जातात ते आईवडिलांनी नोकरी-धंदा सांभाळून केलेल्या धावपळीच्या जोरावर.

म्हणून नार्वे, मये, पिळगावपासून थेट पेडण्यापर्यंतची मुलं क्रिकेट शिकतात ती भात कापल्यावर मोकळ्या झालेल्या शेतात आणि टेनिस बॉलवर. या भागात क्रिकेटची ओढ जुनी आहे. फुटबॉल गोव्यात आला तो 1883 साली शिवोलीला फादर विल्यम लायन्स यांच्यामुळे, असं सांगतात. बार्देश आणि सासष्टीत चर्चशेजारच्या मैदानांवर तो रुजला आणि 2012 साली राज्याचा अधिकृत खेळ ठरला. पेडणे आणि डिचोली मात्र पोर्तुगिजांच्या हाती उशिरा, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेले. इथल्या घरांचा ओढा मुंबईकडे राहिला, घरोघर मराठी वाचलं जायचं, आणि मुक्तीनंतर रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत इथल्या कित्येकांनी मैदान न बघताच क्षेत्ररक्षणाच्या जागा पाठ केल्या. क्रिकेटचं वेड इथे कुणी बाहेरून आणून द्यायची गरज नाही.

टेनिस बॉलला नावं ठेवण्याचं कारण नाही. भीती न वाटता चेंडूच्या मागे धावायला, झेलासाठी झेपावायला, गर्दीसमोर शेवटचं षटक टाकायला तोच शिकवतो. तमिळनाडूतल्या सेलमजवळच्या चिन्नप्पमपट्टी या खेड्यातला टी. नटराजन विशी गाठेपर्यंत टेनिस बॉलवरच खेळला आणि त्याचा यॉर्कर तिथेच घडला. 2020-21 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तो एकदिवसीय, ट्वेंटी-20 आणि कसोटी असे तिन्ही प्रकार एकाच दौऱ्यात पहिल्यांदा खेळला. ही गोष्ट सगळीकडे आवडीनं सांगितली जाते. तिचा मधला भाग मात्र कुणी फारसं सांगत नाही. 2015 च्या जानेवारीत नटराजन पहिला रणजी सामना खेळला आणि पंचांनी त्याच्या गोलंदाजीच्या शैलीबद्दल शंका नोंदवली. चेंडू टाकताना कोपर किती सरळ होऊ शकतं याला 15 अंशांची मर्यादा आहे. तेविशी उलटलेल्या तरुणाला सगळं थांबवून हात कसा फिरवायचा हे मुळापासून शिकावं लागलं. त्याला मार्गदर्शक भेटले, त्यानं जीव तोडून मेहनत केली आणि तो परतला. बाराव्या वर्षी कुणी शेजारी उभं राहून "हात कानाजवळून जाऊ दे" एवढं सांगितलं असतं तर ती वर्षं वाया गेली नसती. आणि नटराजन परतला म्हणून आपल्याला कळला तरी. जे परतले नाहीत त्यांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत.

तर मग नवख्यानं आधी काय शिकायचं? सुरुवात बॅट धरण्यापासून. जाणते प्रशिक्षक मुलाला बॅट हातात देत नाहीत. ते ती जमिनीवर पालथी ठेवतात, मूठ मुलाच्या दिशेनं, आणि कुऱ्हाड उचलतो तशी दोन्ही हातांनी उचलायला सांगतात. असं उचललं की अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दोन्ही हातांवर जो कोन तयार होतो, ते दोन्ही कोन आपोआप एका रेषेत येतात, आणि ही रेष बॅटच्या पाठीच्या मधल्या कण्यापासून जरा बाहेरच्या कडेला सरकलेली असते. हात एकमेकांना खेटून. वरच्या हाताची पकड घट्ट, खालच्या हाताची नुसती बोटांची. खालच्या हातानं घट्ट आवळलं की बॅट सरळ खाली येतच नाही, तिरकी फिरते आणि चेंडू ऑन साइडला ओढला जातो. शेतातल्या सामन्यांत नेमकं हेच घडतं, कारण टेनिस बॉल हळू येतो, उंच उसळतो आणि मिडविकेटवरून भिरकावायला सोपा जातो. तोच फटका लेदर बॉलवर मारायला गेलं की चेंडू बॅटखालून निसटून यष्ट्यांवर जातो. लेदर बॉलचं वजन 156 ते 163 ग्रॅम, त्यात शिवण. टप्पा पडल्यावर तो घसरतो किंवा वळतो. त्याच्या वाटेत आडव्या बॅटपेक्षा सरळ बॅट जास्त वेळ राहते, इतकं साधं हे गणित आहे.

दुसरी गोष्ट पायांची, आणि ती नियमांशी जोडलेली आहे. गावच्या सामन्यांत पायचीत देत नाहीत. ते समजण्यासारखं आहे. पंच म्हणून बॅटिंग करणाऱ्या संघातलाच कुणीतरी उभा असतो, त्याच्या एका बोटावरून भांडण नको. पण या सवलतीची किंमत पुढे मोजावी लागते. पाय आऊट करत नाही हे कळलं की मुलगा पुढचा पाय यष्ट्यांसमोर आडवा रोवतो आणि त्याच्याभोवती बॅट फिरवतो. पाच-सात वर्षं हे अंगात मुरतं. मग तो शाळेकडून किंवा क्लबकडून लेदर बॉलचा पहिला सामना खेळतो, आणि तिसऱ्या चेंडूवर पंचांचं बोट वर.

पायचीतचा नियम वाटतो तितका किचकट नाही. चेंडूचा टप्पा लेग स्टंपच्या बाहेर पडलेला नसावा. चेंडू बॅटला न लागता आधी शरीराला लागलेला असावा. लागला ती जागा यष्ट्यांच्या रेषेत असावी. आणि मध्ये पाय नसता तर तो यष्ट्यांवर गेला असता असं पंचांना वाटावं. फलंदाजानं फटका मारण्याचा प्रयत्नच केला नसेल तर ऑफ स्टंपबाहेर लागलेल्या चेंडूवरही तो बाद होऊ शकतो. दहा वर्षांच्या मुलाला खडूनं जमिनीवर दोन रेघा ओढून हे एका संध्याकाळी समजावता येतं. एकदा समजलं की पाय आपोआप चेंडूच्या रेषेशेजारी पडायला लागतो.

गल्लीतले नियम मुलांनी जागेप्रमाणे बनवलेले असतात. एक टप्पा आऊट, माडाला लागला तर दोन, कुंपणाबाहेर गेला तर आऊट, पहिला चेंडू ट्राय. छोट्या जागेत खेळ चालू ठेवण्याची ती अक्कल आहे, तिचं कौतुकच करावं. पण मूळ नियम एकदा तरी कुणी सांगायला हवेत. धावताना बॅट टेकवून सरकवायची, हवेत धरायची नाही, यात धावबाद वाचतो. क्रीजची रेघ फलंदाजाची नाही. रेघेवर ठेवलेली बॅट बाहेरच धरली जाते. दोनदा टप्पे खाऊन आलेला चेंडू 2017 च्या नियमावलीपासून नो-बॉल ठरतो. एवढं माहीत नसल्यामुळे शालेय स्पर्धांत मुलं बाद होतात आणि रडत परततात, हे क्रीडाशिक्षकांना विचारलं तर ते सांगतील.

नियम जाणणं हा निव्वळ पुस्तकी भाग नाही, हे दाखवणारा प्रसंगही सरदेसाईंच्याच कारकिर्दीतला आहे. फेब्रुवारी 1971, किंग्स्टन. कर्णधार अजित वाडेकर यांची ही पहिलीच मालिका. पहिला दिवस पावसात गेला. भारताची अवस्था 5 बाद 75. तिथून सरदेसाईंनी आधी एकनाथ सोलकर यांच्याबरोबर 137 आणि मग इरापल्ली प्रसन्ना यांच्याबरोबर नवव्या विकेटसाठी 122 धावा जोडल्या, स्वतः 212 केल्या. भारत 387, वेस्ट इंडीज 217. आघाडी 170 धावांची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनसाठी 200 धावांची आघाडी लागते. पण पहिला दिवस वाया गेल्यामुळे सामना चार दिवसांचा धरला जातो आणि तिथे 150 पुरतात. वाडेकरांना हे माहीत होतं. त्यांनी वेस्ट इंडीजला पुन्हा फलंदाजीला उतरायला सांगितलं, आणि गॅरी सोबर्स यांच्या बलाढ्य संघावर भारतानं इतिहासात पहिल्यांदाच फॉलोऑन लादला. सामना अनिर्णित राहिला. पुढच्याच कसोटीत पोर्ट ऑफ स्पेनला भारत जिंकला, वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्यांदाच. तिथेही सरदेसाईंचं शतक होतं. किंग्स्टनला धावा सरदेसाईंच्या होत्या, पण समोरच्या संघाचं मनोधैर्य खचवलं ते नियमावलीतल्या एका ओळीनं.

मुलांना शिकवायचं म्हणजे लगेच हेल्मेट, पॅड आणि 22 यार्डांची खेळपट्टी हवी, हा समजही सोडून द्यायला हवा. 22 यार्ड म्हणजे 20.12 मीटर. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हातून तिथवर चेंडू पोचत नाही. तो उंच भिरकावतो, टप्पे खात जातो, आणि फलंदाज नुसता वाट बघतो. ऑस्ट्रेलियानं हे ओळखून लहान मुलांच्या क्रिकेटचा साचाच बदलला. तिथे 10 वर्षांखालच्या मुलांसाठी खेळपट्टी 16 मीटरची, त्यापुढच्या टप्प्यात 18 मीटरची. इंग्लंडमध्ये 2017 पासून 5 ते 8 वर्षांच्या मुलांसाठी जो कार्यक्रम चालतो त्यात बॅट प्लॅस्टिकची आणि चेंडू मऊ. खेळपट्टी आखूड केली की मुलांचे चेंडू यष्ट्यांच्या रेषेत येतात, फलंदाजाला फटके खेळायला मिळतात, गोलंदाजाला हात सरळ ठेवूनही अंतर गाठता येतं. मुलांना खेळायचं असतं, शिकवणी नको असते, अशी तक्रार करणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं. चार मीटर कमी केले की खेळच शिकवू लागतो.

मग आपल्याकडे अडतं कुठे? पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात, पण पैसा इथे येतो. कापणीनंतर पेडणे-डिचोलीत टेनिस बॉलच्या स्पर्धा झडतात, प्रकाशझोत लागतात, चषक उंच असतात, बक्षिसाच्या रकमा फलकावर ठळक लिहिलेल्या असतात, राजकीय पुढारी पहिला चेंडू खेळतात. गावाला चार रात्री उत्साहाच्या मिळतात आणि त्यात वाईट काही नाही. पण त्या रकमेचा एक हिस्सा त्याच गावच्या शाळेमागे एक सिमेंटची खेळपट्टी आणि त्यावर अंथरायचं मॅटिंग यासाठी वळवला, तर ती बरीच वर्षं टिकते. टर्फ विकेटला माळी लागतो, रोलर लागतो, पाणी लागतं. मॅटिंगला चार खिळे आणि गुंडाळून ठेवायला एक खोली. चेंडूची उसळी सारखी मिळते, आणि नवख्या फलंदाजाला याहून मोठी मदत कुठली नाही. शेतातल्या भेगाळलेल्या जमिनीवर चेंडू कधी घोट्यापाशी राहतो, कधी हनुवटीला येतो. अशा जागी मुलं मागे सरकायला शिकतात, आणि एकदा शिकलेलं मागे सरकणं सहजी सुटत नाही.

माणसाचा प्रश्न अधिक मोठा आहे, पण त्यालाही उत्तर आहे. गोव्यातल्या माध्यमिक शाळांत क्रीडाशिक्षक आहेत. तालुका पातळीवर शालेय स्पर्धा क्रीडा व युवा व्यवहार संचालनालय घेतं. असोसिएशनचे प्रशिक्षक पर्वरीला आहेत, डिचोली तालुक्यातच साखळीला मैदान आहे जिथे वयोगटांचे सामने होतात. या तिघांनी मिळून आठवड्यातून दोन दिवस एक प्रशिक्षक तालुक्यातल्या शाळाशाळांत फिरता ठेवायचा ठरवलं, तर नार्वेच्या मुलाला दोन फेरीबोटी बदलाव्या लागणार नाहीत. मुंबईनं शंभर वर्षांहून अधिक काळ गाइल्स आणि हॅरिस ढालींच्या शालेय स्पर्धा चालवल्या, म्हणून तिथे शाळेतल्या मुलाला पुढची पायरी दिसत राहिली. आपल्याकडे पहिली पायरी अंगणात आणि दुसरी थेट पर्वरीत. मधल्या सगळ्या गायब.

गोव्याचं क्रिकेट दुबळं आहे म्हणून हे करायचं, असं नाही. 1985-86 साली पहिल्यांदा रणजी खेळलेल्या या राज्याच्या स्वप्निल अस्नोडकरनं 2008 च्या पहिल्या आयपीएलमध्ये विजेत्या राजस्थानची सलामी गाजवली. नोव्हेंबर 2024 मध्ये पर्वरीत कश्यप बखले आणि स्नेहल कवठणकर यांनी अरुणाचल प्रदेशविरुद्ध तिसऱ्या विकेटसाठी नाबाद 606 धावांची भागी केली. रणजीच्या इतिहासात एवढी मोठी भागी कुणाची नाही. समोरचा संघ दुबळा होता हे खरं, प्लेट गटातला सामना होता हेही खरं. तरी दोघांनी नाबाद तीनशेच्या पलीकडे किंवा तीनशेवर पोचणं हे आडव्या बॅटनं होत नाही. एवढी धार असलेल्या राज्यात खेड्यांतली मुलं मोजणीतच येत नसतील तर तोटा गोव्याचा आहे.

मुलींचं तर वेगळंच. शिखा पांडे गोव्याकडून खेळत भारतीय संघात पोचली, 2017 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना खेळली, आणि 2021 मध्ये अ‍ॅलिसा हीलीचा त्रिफळा उडवणारा तिचा आत वळलेला चेंडू जगभर पुन्हा पुन्हा पाहिला गेला. तिला बघून बॅट मागणाऱ्या मुली आज पेडण्यातही आहेत. शेतातल्या सामन्यात त्यांना जागा मिळत नाही. मोठी मुलं त्यांना चेंडू आणायला सीमेवर उभं करतात. शाळेतल्या मॅटिंगवर आठवड्यातला एक ठरलेला दिवस त्यांचा राहिला तर हे चित्र बदलेल. त्यांच्यासाठी चेंडूही थोडा हलका लागतो, 140 ते 151 ग्रॅमचा, म्हणजे शाळांना सामान पुरवताना वेगळी खरेदी करावी लागेल. ती आठवणीनं व्हावी.

हे सगळं सुरू करायला ऑक्टोबरची वाट बघायची गरज नाही. गोव्यात जून ते सप्टेंबर मैदान चिखलात असतं, पण शाळेचं सभागृह कोरडं असतं. क्रीडाशिक्षकांचं दोन-तीन दिवसांचं प्रशिक्षण चवथीच्या सुट्टीआधी उरकता येईल, खडूच्या रेघांवर नियम समजावता येतील, मऊ चेंडूवर झेल घेता येतील, आणि मैदान सुकेपर्यंत प्रत्येक मुलाला, प्रत्येक मुलीला जमिनीवरची बॅट नीट उचलायला शिकवून ठेवता येईल.